लिंगाण्याकडे पुन्हा : एकदा माघार घेतलेल्या नवख्या गिर्यारोहकांसाठी

रायगडाच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून एका खिंडीने तुटून शिवलिंगासारखा ताठ उभा राहिलेला लिंगाणा कागदोपत्री किल्ला असला, तरी चढणाऱ्याच्या दृष्टीने तो सुळकाच आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास तीन हजार फूट, त्यामुळे १४०३ मीटर (सुमारे ४६०० फूट) उंचीच्या तोरण्यापुढे तो ठेंगणाच. परंतु खिंडीपासून माथ्यापर्यंतचा कडा उभा आहे आणि दोन्ही अंगांना सरळ कोकणात उतरणारी खोली आहे. शिवकाळात येथे कैदी ठेवले जात, आणि बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ अशा कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर येथून नजर राहत असे. जुन्या वाटेच्या पायऱ्या आता बहुतांशी उरलेल्या नाहीत, म्हणून दोर आणि कातळात ठोकलेले बोल्ट यांच्या आधाराशिवाय सामान्य माणसाने या वाटेला जाऊच नये.

हा लेख पहिल्यांदाच लिंगाण्याला निघालेल्यांसाठी नाही. एकदा येथे येऊन खिंडीतून, पहिल्या कातळटप्प्यावरून किंवा कड्यातील गुहेपासून परत फिरलेल्या आणि आता पुन्हा जाऊ इच्छिणाऱ्या नवख्या गिर्यारोहकांसाठी तो लिहिला आहे. मी स्वतः पहिल्या वेळी गुहेपासून परतलो. त्यानंतर वर्षभर मला वाटत होते की माझ्यात हिंमत कमी पडली, आणि पुढच्या खेपेस अधिक निर्धाराने गेलो की काम होईल. हे निदान साफ चुकीचे होते. दुसऱ्या चढाईची तयारी कुठून सुरू करावी हे पहिली माघार नेमकी कुठे, किती वाजता आणि कशामुळे घेतली यावरून ठरते, आणि हे न शोधता पुन्हा जाणारा माणूस बहुधा त्याच जागी पुन्हा अडतो.

पहिली पायरी : माघारीचा हिशेब लिहून काढावा

आठवणीवर विसंबू नये. त्या दिवशी काढलेली छायाचित्रे उघडावीत आणि त्यांवरील वेळा एका कागदावर क्रमाने उतरवून घ्याव्यात : मोहरी या मुक्कामाच्या गावातून निघालो कधी, नाळेच्या तोंडाशी कधी, खिंडीत कधी, दोराला हात लागला कधी, परत फिरलो कधी. सोबतच्या दोघातिघांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण थकव्याच्या आणि भीतीच्या क्षणी प्रत्येकाच्या लक्षात वेगळी गोष्ट राहते.

माझ्या कागदावर उतरलेला हिशेब असा होता. सव्वासहाला मोहरी सोडली. साडेनऊला खिंडीत पोहोचलो. पथक सोळा जणांचे आणि पहिल्या टप्प्यावर दोर एकच. माझा क्रमांक तेरावा, त्यामुळे दोर हाती आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. गुहेपाशी दीड वाजला आणि नेत्याने परतीचा निर्णय दिला, जो योग्यच होता. ज्या माघारीला मी हिंमतीचा प्रश्न समजत होतो, ती मुळात रांगेची माघार होती. एका माणसाला सरासरी दहा मिनिटे लागली तरी बारा जणांत दोन तास जातात, आणि असे टप्पे वाटेत एकाहून अधिक आहेत. दुसरे कारण हिशेबात नव्हते, ते शरीरात होते : गुहेपर्यंत येताना माझे दोन्ही कोपराखालचे स्नायू इतके आखडले होते की कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवता येत नव्हता. ती ताकदीची उणीव नव्हती. मी दोरावर पायांऐवजी हातांनी चढत होतो.

आपल्या कागदावर कारण वेगळे निघेल. पाणी संपले असेल, पायात गोळे आले असतील, नाळेच्या उतारावरच गुडघे थरथरू लागले असतील, किंवा खिंडीकडे जाणाऱ्या आडव्या वाटेवर खाली पाहिल्यावर पाऊलच उचलले नसेल. हे शेवटचे कारण लिहायला माणूस कचरतो, पण ते लिहावेच. खोलीची भीती ही सरावाने उतरणारी गोष्ट आहे. मात्र ती लपवलेली असेल तर तिचा सराव कोणी करून घेऊ शकत नाही. आणि माघार जर हवामानामुळे, मधमाश्यांमुळे किंवा साथीदाराच्या दुखापतीमुळे झाली असेल, तर आपल्या तयारीत काही कमी नव्हते असेही समजू नये, कारण ज्या टप्प्यापर्यंत आपण पोहोचलोच नाही, तेथे आपली परीक्षा झालेली नाही.

दुसरी पायरी : पथक निवडावे

ज्या संस्थेबरोबर जायचे तिच्या नेत्याला चार प्रश्न आधी विचारावेत. पथकात माणसे किती आणि त्यांत तांत्रिक चढाई जाणणारे किती? प्रत्येक टप्प्यावर चढणाऱ्यांचा आणि उतरणाऱ्यांचा दोर वेगळा असेल का? परत फिरण्याची वेळ किती ठरवली आहे? आणि दोरावर कोणी बेशुद्ध पडले, तर त्याला खाली आणण्याची पद्धत काय? हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांमध्ये, निश्चल लटकून राहिलेल्या माणसाच्या पायांतील रक्त परत वर येणे मंदावते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयार नसलेल्या पथकाबरोबर जाऊ नये, शुल्क कितीही कमी असले तरी. आठ ते दहा जणांचे पथक माझ्या मते पुरे. सोबत मागच्या माघारीचा कागद नेत्याला दाखवावा. चांगला नेता तो वाचून आपला क्रमांक, जोडीदार आणि सरावाची दिशा ठरवतो.

तिसरी पायरी : तीन महिन्यांचा सराव

दमसासाचे काम सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याबद्दल थोडक्यात सांगतो. पुण्याच्या माणसाने आठवड्यातून दोनदा सिंहगड पायथ्यापासून चढावा, पाठीवर पाच-सहा किलोंचे ओझे घ्यावे, आणि चढण्याइतकेच लक्ष उतरण्याकडे द्यावे. कारण लिंगाण्याचा दिवस उताराने सुरू होतो आणि चढाने संपतो, हे बहुतेकांच्या सवयीच्या उलट आहे.

खरा वेळ दोराच्या कामाला द्यायचा आहे. जवळची कृत्रिम भिंत, मुंबईकरांसाठी मुंब्र्याचे कातळ, किंवा गिर्यारोहण संस्थेच्या सरावाची जागा चालेल. पण शिकवणारा माणूस जाणता हवा. जमत असेल त्याने उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट येथील मूलभूत अभ्यासक्रम करावा. तेवढी सवड नसेल तर पुढील तीन कौशल्ये तरी हाताच्या सवयीची करून घ्यावीत.

पहिले कौशल्य जुमारवर चढण्याचे. जुमार हे दोरावर वर सरकणारे आणि खाली न घसरणारे उपकरण. ते हार्नेसला एका स्लिंगने, म्हणजे मजबूत पट्टीच्या फासाने, जोडलेले असते आणि पाय कातळावर टेकलेले असतात. हार्नेसवर पूर्ण भार देऊन बसल्यावर जुमार सहज हाताच्या टप्प्यात आला पाहिजे. हात पूर्ण ताणावा लागत असेल तर स्लिंग लांब आहे. पायावर उभे राहावे, सैल पडलेला जुमार वर सरकवावा, हार्नेसवर बसावे, श्वास घ्यावा, पुन्हा पायावर उभे राहावे. हात केवळ तोल सांभाळतात. माझ्या पहिल्या चढाईत मी नेमके हेच उलट केले होते, आणि दुसऱ्या वेळेपूर्वी दोन महिने दर रविवारी तीस फुटांच्या कातळावर दहा-दहा वेळा चढून ती खोड मोडावी लागली. ज्या दिवशी दहाव्या फेरीनंतरही मुठी सहज उघडता-मिटता आल्या, त्या दिवशी मी पथकात नाव दिले.

दुसरे कौशल्य मधला अँकर, म्हणजे दोर कातळाला पक्का बांधलेली जागा, ओलांडण्याचे. लांब दोर मध्येमध्ये बोल्टला बांधलेला असतो आणि तेथे जुमार काढून पुढच्या दोराला लावावा लागतो. त्यासाठी हार्नेसला दोन सुरक्षा-स्लिंग हव्यात. आधी मोकळी स्लिंग अँकरला किंवा पुढच्या दोराला अडकवावी, ती ओढून पाहावी, आणि मगच मागचा जोड सोडावा. कोणत्याही क्षणी किमान एक जोड कातळाशी असलाच पाहिजे. हा क्रम डोळे मिटून, हातमोजे घालून आणि कोणी घाई करत असतानाही चुकू नये, इतका घोटावा.

तिसरे रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणे, ज्याबद्दल उतरणीच्या वेळी सविस्तर येईल. सरावात मात्र त्याला चढाईच्या दुप्पट वेळ द्यावा.

चौथी पायरी : साहित्य

हेल्मेट, सिट हार्नेस, दोन सुरक्षा-स्लिंग, चार स्क्रू कॅराबिनर, जुमार, उतरण्याचे उपकरण, भार पडताच दोराला आवळून धरणाऱ्या प्रसिक गाठीसाठी सहा मिलिमीटरच्या दोरीचा फास आणि चामड्याचे हातमोजे एवढे प्रत्येकाकडे स्वतःचे किंवा आधी वापरून पाहिलेले असावे. कॅराबिनरच्या अंगावर कोरलेले आकडे वाचायला शिकावे. लांबीच्या दिशेने तो २० किलोन्यूटन किंवा अधिक भार झेलतो. पण आडवा फिरला तर हीच ताकद सात-आठ किलोन्यूटनपर्यंत घसरते. म्हणून भार देण्यापूर्वी तो सरळ बसला आहे ना, हे दर वेळी डोळ्यांनी पाहायचे असते.

कातळावर मागच्या मोहिमांनी सोडलेले दोर दिसतील. त्यांना हात लावू नये. उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉनचा धागा कमजोर होतो आणि ती कमजोरी बाहेरून दिसत नाही. जुन्या बोल्टबाबतही तेच : गंज, सैलपणा आणि भोवतीच्या कातळाला पडलेली चीर पाहून त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे नेत्याने ठरवावे. सह्याद्रीचा बेसाल्ट ठिकठिकाणी पक्का आणि ठिकठिकाणी ठिसूळ असतो, आणि दोन पक्क्या थरांच्या मधल्या पट्ट्यात मुरूम व घसारा साचतो. त्यामुळे एका बोल्टची खात्री पटली म्हणून पुढच्याची पटवून घेता येत नाही.

पाणी माणशी किमान चार लिटर आणि मिठा-साखरेच्या द्रावणाची पाकिटे. गुहेजवळ पाण्याची टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर चढाई आखू नये.

पाचवी पायरी : आदला दिवस रायलिंगवर घालवावा

दुसऱ्यांदा जाणाऱ्याला मी सर्वांत आग्रहाने सांगेन ती गोष्ट हीच. पावसाळा संपून कातळ पुरता सुकल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, चढाईच्या आदल्या दुपारपर्यंत मोहरीला पोहोचावे. पुण्याहून वेल्ह्यामार्गे येणारा रस्ता शेवटी खराब होतो, तेव्हा वेळ हातचा ठेवावा. गावात मुक्कामाची आणि जेवणाची सोय आगाऊ सांगितली तर होते. सामान टाकून रायलिंगच्या पठारावर जावे. पठाराच्या कड्यावर लिंगाणा अगदी समोर येतो आणि त्याच्या मागे रायगड दिसतो.

येथे दुर्बीण घेऊन बसावे आणि मागच्या वेळी आपण कुठवर गेलो होतो ती जागा प्रथम शोधावी. ती सापडते तेव्हा मनाला जरा धक्का बसतो, कारण आठवणीतली जागा नेहमी प्रत्यक्षाहून उंच किंवा भयंकर असते. मग त्या जागेच्या वरचा भाग टप्प्याटप्प्याने पाहावा : कातळ कुठे उभा आहे, घसारा कुठे आहे, उसंत घेण्याजोगी जागा कुठे आहे. वहीत साधी रेघाटी काढावी. कातळाला काळ्या झुंबरांसारखी लटकलेली आग्या मोहोळे दिसली तर त्यांची जागा नेत्याला त्याच संध्याकाळी दाखवावी. आवश्यक वाटल्यास मोहीम पुढे ढकलावी.

चढाईची बाजू पूर्वेकडची, रायलिंगच्या समोरची आहे. त्यामुळे सकाळचे ऊन पाठीवर येते आणि दुपारनंतर कडा सावलीत जातो. ही सावली सुखाची असली तरी थंडीच्या दिवसांत अंधार येथे लवकर उतरल्यासारखा भासतो, म्हणून हेडटॉर्च आणि सुटे सेल पाठीवरच्या पिशवीत असू द्यावेत, मुक्कामी ठेवून येऊ नयेत.

मोहरीत ज्या घरी उतरलो त्या घरच्या दादांना किंवा मावशींना पथकातील माणसांची संख्या आणि परतीची अपेक्षित वेळ सांगून ठेवावी. वाटेत मोबाईलची रेंज भरवशाची नसते. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक पथकातील सर्वांकडे आणि त्या घरीही लिहून द्यावा.

सहावी पायरी : चढाईचा दिवस

पहाटे चारला निघावे. बोराट्याची नाळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ आहे, आणि वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. म्हणून हेल्मेट येथूनच चढवावे, दगड सुटताच मोठ्याने ओरडून सांगावे आणि दोन माणसे एकाच सरळ रेषेत वरखाली राहणार नाहीत असे पाहावे. नाळ पूर्ण न उतरता मध्येच ती सोडून कड्याला लगटून जाणारी आडवी वाट धरायची असते. ही वाट रायलिंग आणि लिंगाणा यांच्यामधल्या खिंडीत नेते. ती अरुंद आहे आणि एका बाजूला दरी आहे. नेत्याने दोर बांधला असेल तर सुरक्षा-स्लिंग त्यात अडकवूनच चालावे, मागच्या वेळी न अडकवता गेलो होतो म्हणून आताही तसेच जाऊ नये.

उजाडताना खिंडीत असावे. येथे पाणी प्यावे, काही खावे, आणि जोडीदाराने जोडीदाराचा हार्नेस तपासावा : पट्टा बकलमधून उलटा फिरवून घेतला आहे का, कॅराबिनरचे स्क्रू बंद आहेत का, हेल्मेटची वादी आवळली आहे का. अनुभवी माणसाचीही ही तपासणी टाळू नये.

आपला क्रमांक येईपर्यंत रांगेत उभे राहण्यात जी शक्ती जाते तिचा विचार फारसा कोणी करत नाही. सावलीत, दगड पडण्याच्या रेषेबाहेर, अँकरला जोडून बसून राहावे. पहिला कातळटप्पा अंगावर येणारा वाटतो, पण पायांना खोबणी मिळतात. त्यानंतर घसाऱ्याचा भाग लागतो, आणि माझ्या मते नवख्यासाठी तोच अधिक धोक्याचा, कारण कातळावर माणूस सावध असतो आणि मातीवर दोर सोडून चालू लागतो. गुहेपर्यंत जोड सोडू नये.

गुहेत थांबून घड्याळ पाहावे. माथ्यावर पोहोचण्याची अंतिम वेळ, समजा दुपारी बारा, ही आदल्या रात्री ठरवलेली असते, आणि दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला ती मोडण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. पहिल्याच वेळी आलेल्याला परत फिरणे सोपे जाते; आपल्याला तीन महिन्यांचा सराव, रजा, घरी दिलेला शब्द हे सारे आठवते. म्हणून त्या वेळेचा निर्णय स्वतःकडे ठेवू नये. तो नेत्याकडे सोपवून त्याला आधीच सांगावे की मी आग्रह धरला तरी ऐकू नका.

गुहेच्या वरचे टप्पे उभे आणि खोलीची जाणीव देणारे आहेत. येथे जुमारचा सराव फळाला येतो. मधमाश्यांची हालचाल जाणवली तर बोलणे थांबवावे, मान आणि चेहरा कापडाने झाकावा, धूर किंवा अत्तर यांचा संबंधच येऊ देऊ नये. आणि त्या अंगावर आल्या तरी कोणत्याही परिस्थितीत जोड सोडून पळू नये. माथा अरुंद आहे. एकीकडे रायगड, दुसरीकडे रायलिंगचे पठार, आणि ज्या कड्यावर बसून काल रेघाटी काढली होती तो कडा आता समोर. मला तेथे बोलता आले नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे आणि निघावे.

सातवी पायरी : उतरणे

चढताना चूक झाली तर बहुधा माणूस अडतो. रॅपलिंगमध्ये चूक झाली तर पडतो. शिवाय शरीर थकलेले असते आणि काम झाले असे मनाने ठरवलेले असते. म्हणून येथे प्रत्येक कृती मोठ्याने बोलून करावी. स्लिंगने अँकरला जोडलेलो आहे. दोर उपकरणातून बरोबर ओवला आहे. स्क्रू बंद आहे. उपकरणाच्या खाली प्रसिकचा फास दोराला गुंडाळून हार्नेसला जोडला आहे, म्हणजे हात सुटला तरी तो दोराला आवळून धरेल. दोराच्या खालच्या टोकाला गाठ आहे, म्हणजे टोकावरून निसटणे होणार नाही. हे सारे झाल्यावर स्लिंगला जोडलेले असतानाच उपकरणावर पूर्ण भार देऊन पाहावा, आणि मग स्लिंग काढावी. मोकळे केस, ओढणी, जॅकेटची लोंबती दोरी उपकरणात ओढली जाते. ती आधीच आत खोचावी.

खालचा हात दोरावरून कधीही काढू नये. पाय खांद्यांइतके फाकवून कातळावर सपाट ठेवावेत, उड्या न मारता चालत उतरावे. उड्यांमुळे अँकरवर धक्के बसतात आणि वरचे दगड सुटतात. खाली पोहोचल्यावर आधी पुढच्या अँकरला जोडून घ्यावे, मग दोर मोकळा करावा, मग हाक द्यावी आणि दगडांच्या रेषेतून बाजूला व्हावे.

खिंडीत पाय टेकले की हार्नेस उतरवण्याची घाई होते, पण आडवी वाट अजून बाकी असते आणि थकलेल्या पायांना ती सकाळपेक्षा अवघड जाते. त्यापुढे नाळेचा संपूर्ण चढ आहे. त्यासाठी एक लिटर पाणी आणि मूठभर खजूर किंवा चिक्की सकाळीच वेगळी बांधून ठेवावी आणि माथ्यावर कितीही तहान लागली तरी त्यांना हात लावू नये. नाळ चढताना सर्वांत दमलेल्या माणसाला पुढे ठेवून त्याच्या गतीने सर्वांनी चालावे. मोहरीत पोहोचल्यावर, बूट काढण्याआधी, ज्या घरी वेळ सांगून ठेवली होती तेथे सगळे परत आल्याचे कळवावे. उशीर झाला असेल तर त्या घरचे कोणीतरी दिवा घेऊन नाळेच्या वाटेकडे निघालेलेही असू शकते.